हेल काढून रडणं: तुमच्याकडे अजून ऐकू येतं का?

नदीकाठची | १४ जून, रात्री ११:२०

बाबांना जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय, घरात कुणाशी बोलता आली नाही म्हणून इथे लिहितेय. लांब होईल.

आम्ही पुण्यात, आठव्या मजल्यावर. बाबांना दवाखान्यातून सकाळी सहाला आणलं, लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नव्हतं म्हणून खाली पार्किंगमध्येच ठेवलं. वीस-पंचवीस माणसं होती, सगळं शांत, कुणीतरी मोबाइलवर हळू आवाजात विष्णुसहस्रनाम लावलं होतं. आई खुर्चीवर बसून, डोळ्यात एक थेंब नाही. नऊच्या सुमाराला गावाहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढे, आमचं गाव खटाव तालुक्यात येरळेच्या काठी. तिनं गेटपासूनच गळा काढला. "आरं माझ्या पाठच्याऽऽ, आरं माझ्या म्हायेराच्या उंबऱ्याऽऽ, मला पुढं धाडायचं सोडून तूच कसा रं निघालासऽऽ". चालत चालत, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, एक हात छातीवर. प्रत्येक ओळ वर उचलायची आणि शेवटी खाली खाली आणत सोडायची, मग श्वास, मग पुढची ओळ.

बाल्कन्यांमधून लोक वाकून बघायला लागले. मी पुढे झाले, तिला धरलं आणि म्हणाले, "आत्या, हळू, इथे नको असं." ती एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, पदर तोंडात धरला आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसली. त्यानंतर तेराव्यापर्यंत तिच्या तोंडून तो सूर आला नाही.

लहानपणी गावाला कुणी गेलं की हा आवाज दोन-तीन आळ्या ओलांडून यायचा आणि आजी चुलीपुढून उठायची, म्हणायची अमक्याची लेक पोचली वाटतं. म्हणजे आवाजावरून कळायचं कोण आलं, मेलेल्याचं कोण लागतं ते. आता मला ते शब्द आठवायचा प्रयत्न केला तरी दोन-तीन ओळींपुढे जाता येत नाही. तुमच्याकडे हे अजून आहे का? कुणी नीट ऐकलंय का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

बेलफूल | १४ जून, रात्री ११:४८

नदीकाठची, बाबांबद्दल वाईट वाटलं. लेख आवडला असं म्हणवत नाही.

आमच्याकडे अकोल्याला माझ्या मामेआजीपर्यंत होतं, आता नाही. मला एक कायम जाणवतं की आपल्या भाषेत रडण्याला किती शब्द आहेत बघा. मुसमुसणं, हुंदके देणं, ओक्साबोक्शी रडणं, धाय मोकलणं, टाहो फोडणं, ऊर बडवणं, आणि हंबरडा, तो तर थेट गाईचा आवाज, वासरू दिसत नाही म्हणून हंबरणाऱ्या गाईचा. पण या सगळ्यात गळा काढणं आणि हेल काढणं वेगळं. हेल म्हणजे चाल. आपण म्हणतो ना, कोल्हापूरकडचा हेल, मालवणी हेल. म्हणजे या रडण्याला चाल असते हे मराठी बोलणाऱ्यांना आधीपासून माहीत आहे, ते काही नुसतं भान सुटून ओरडणं नव्हे.

---

रात्रपाळी | १५ जून, सकाळी ६:०५

माझं बालपण धारावीत, ९० फूट रोडच्या आतल्या बाजूला. आमच्या चाळीत आम्ही चार मराठी घरं आणि बाकी बहुतेक तमिळ, तिरुनेलवेलीकडून आलेले. त्यांच्यात कुणी गेलं की बायका गोल करून बसायच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, डोकी आत टेकवून, आणि पुढे-मागे झुलत गायच्या. हो, गायच्याच. त्याला ओप्पारी म्हणतात. ओप्पु म्हणजे सारखेपणा, उपमा. गेलेल्या माणसाला कशाकशाची उपमा देत जायचं. एक बाई ओळ टाकणार, बाकीच्या शेवटचा लांब स्वर धरणार, मग दुसरी बाई स्वतःची ओळ. मला तमिळ कामचलाऊ यायचं, त्यामुळे कळायचं की ओळी पाठ केलेल्या नसायच्या, त्या माणसाच्या असायच्या. आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांच्या चामड्याच्या कारखान्यातल्या नोकरीचा, हाताला येणाऱ्या वासाचा, पगाराच्या दिवशी आणायच्या जिलबीचा असा सगळा हिशेब त्या सुरात मांडला होता. मी तेव्हा नववीत होतो, दारात उभा राहून रडलो होतो, आणि अण्णा माझे कुणीच नव्हते.

बाहेर परै वाजायची. गोल, एका बाजूनं कातडं लावलेलं वाद्य, दोन काड्यांनी वाजवतात, आधी रस्त्यावर कागद-गवत पेटवून कातडं शेकून घेतात म्हणजे ताणलं जातं आणि आवाज खणखणीत होतो. हे पण सांगायला हवं की गावाकडे मयताला परै वाजवायचं काम पिढ्यान् पिढ्या दलितांच्या माथी मारलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. आज तमिळनाडूत तीच परै जातीविरोधी चळवळीच्या स्टेजवर मानानं वाजते. चेन्नईतलं गाना नावाचं जे वस्तीतलं गाणं आता सिनेमात पोचलंय त्याचंही एक मूळ मयताच्या रात्री जागवण्यात आहे, मरण गाना म्हणतात त्याला.

ड्यूटीवरून आत्ता आलोय, झोपून उठल्यावर परत वाचतो.

---

पाणिनीचा_शेजारी | १५ जून, सकाळी ९:३०

पार्किंगमध्ये तुम्ही जे म्हणालात त्यामागे फक्त सोसायटीची लाज नाही, फार जुनी शिकवण आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत प्रायश्चित्ताध्यायात सरळ लिहिलंय: श्लेष्माश्रु बान्धवैर्मुक्तं प्रेतो भुङ्क्ते यतोऽवशः, अतो न रोदितव्यं हि क्रियाः कार्याः स्वशक्तितः. नातेवाइकांनी गाळलेला शेंबूड आणि अश्रू बिचाऱ्या प्रेताला निरुपायानं खावे लागतात, म्हणून रडू नका, जमतील तशी क्रियाकर्मं करा. "रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो" हे जे आपण प्रत्येक मयताला ऐकतो त्याची मुळं अशी खोल आहेत.

पारशी परंपरेतही असंच. अर्दा विराफ परलोक पाहून येतो त्या कथेत त्याला एक मोठी नदी लागते, काही आत्मे सहज ओलांडतात, काहींना जमतच नाही. ती नदी कशाची, तर मागे राहिलेल्यांनी गाळलेल्या अश्रूंची.

पण गंमत अशी, नाही, गंमत हा शब्द चुकीचा आहे, महत्त्वाचं असं की त्याच संस्कृतात कालिदासानं विलापाला स्वतःचं वृत्त दिलं. रघुवंशाच्या आठव्या सर्गातला अजविलाप आणि कुमारसंभवातला रतिविलाप दोन्ही वियोगिनी वृत्तात आहेत. राणी इंदुमती गेल्यावर अज राजा रडतो, वसिष्ठ शिष्याकरवी निरोप पाठवतात की स्वकीयांचे सततचे अश्रू प्रेताला जाळतात, आवर. अज निरोप ऐकून घेतो, पण दुःख काही हलत नाही. मुलगा लहान म्हणून आठ वर्षं कशीबशी काढतो आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. उपदेश थोड्या श्लोकांत आटोपतो आणि विलाप मात्र त्याहून लांब. मला वाटतं कालिदासाचं मन कुठे होतं ते यातून कळतं.

---

मुक्काम_ऑकलंड | १५ जून, सकाळी १०:१२

पाणिनीचा_शेजारी, तुमचा तो श्लोक वाचून अंगावर काटा आला कारण इथे न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची नेमकी उलटी म्हण आहे. रोइमाता म्हणजे अश्रू, हूपे म्हणजे नाकातून गळणारं पाणी. म्हण अशी की मृत्यूनं केलेल्या घावांचा सूड फक्त अश्रू आणि हूपेच उगवू शकतात. तेच दोन पदार्थ!

माझ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याची आई गेली तेव्हा तीन दिवस त्यांच्या मराएवर तांगी, म्हणजे मयताचा विधी होता. मराए म्हणजे त्यांच्या कुळाची सभेची जागा. आपण गटानं आत जायचं, आतून एक म्हातारी बाई करांगा करते, लांबवर जाणारी हाक, आणि आपल्या बाजूची बाई तिला उत्तर देते. त्या हाकेत आधी तुमच्या-आमच्या सगळ्या मेलेल्यांना बोलावतात. शवपेटी उघडी, आजूबाजूला बायका बसलेल्या, माणसं प्रेताशी थेट बोलतात, रागावतात सुद्धा. रुमाल काढून नाक पुसायची घाई कुणी करत नाही. मी मात्र सारखी टिश्यू शोधत होते.

---

अंजिरी | १५ जून, दुपारी १:४०

सगळं वाचतेय आणि माझा सूर थोडा वेगळा लागणार आहे, आधीच माफी मागते.

माझी मोठी बहीण २७ व्या वर्षी विधवा झाली. कराडजवळचं गाव. ज्या बायका हेल काढून रडत होत्या त्याच बायकांनी तिला मध्ये बसवलं, तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली, आणि प्रत्येक गोष्टीला रडण्याची नवी लाट यायची. ती सुन्न होती तर "तिला रडवा, तिला रडवा, नाहीतर छातीत बसंल" म्हणून तिला गदागदा हलवत होत्या. मी १९ वर्षांची होते, दारामागे उभी. मला तो आवाज आजही ऐकवत नाही. गावाकडची कला वगैरे म्हणून त्याला डोक्यावर घ्यायच्या आधी हेही बघा. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं, तेव्हा मी आणि ताई फोनवर एकमेकींशी काही न बोलता नुसत्या बसून होतो.

---

बेलफूल | १५ जून, दुपारी २:०२

अंजिरी, माफी कसली. हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

---

रात्रपाळी | १५ जून, संध्याकाळी ५:५०

अंजिरीताई, बरोबर आहे तुमचं. मला एवढंच म्हणायचंय की बांगड्या फोडणं आणि गळा काढणं एकाच अंगणात घडत असलं तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत बाईचं काहीतरी काढून घेतात. दुसरीत तिला, निदान तेवढा वेळ, चारचौघांत मोठ्यानं बोलायला मिळतं. तुमच्या ताईला स्वतःहून काही बोलायला मिळालंच नाही, तिच्या जागी इतर बोलल्या.

---

लीनदीकाठी | १५ जून, रात्री ८:३५

रात्रपाळी यांनी जे शेवटी लिहिलंय तेच सांगायला आले. आयर्लंडमध्ये कॉर्कला नऊ वर्षं झाली, ली नदी इथून वाहते म्हणून हे नाव.

इथे कीनिंग होतं, आयरिशमध्ये क्वीन्या. प्रेत घरात, घड्याळं थांबवलेली, आरसे झाकलेले, आणि प्रेताभोवती बायका, त्यातली एक मुख्य, बान क्वींचे म्हणजे विलाप करणारी बाई. ती गेलेल्याचं नाव घेऊन सुरू करायची, त्याचं घराणं, त्याचे गुण, तो कसा गेला, कुणामुळे गेला, आणि मग सगळ्याजणी मिळून शब्द नसलेला आक्रोश. चर्चनं सतराव्या शतकापासून बंदीचे हुकूम काढले, पाद्री अक्षरशः त्या बायकांना हुसकावून लावायचे, तरी खेड्यांत विसाव्या शतकापर्यंत धुगधुगी होती.

यातलं सगळ्यात गाजलेलं क्वीन्या आमच्या कॉर्क परगण्यातलंच. १७७३ साली आर्ट ओ लीरी नावाच्या तरुणाला करिगनिमा इथे गोळी घातली. कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा ठेवता येत नाही असा तेव्हा इंग्रजांचा कायदा होता आणि त्याच्या घोडीवरून तिथल्या मॅजिस्ट्रेटशी वैर झालं. घोडी रिकामी घरी आली. बायको, आयलीन, त्याच घोडीवर चढून गेली आणि तो झुडपापाशी रक्तात पडलेला सापडला, तेव्हा तिनं ओंजळीनं त्याचं रक्त प्यायलं. हे तिनं विलापातच सांगितलंय, आणि तो विलाप बायकांच्या तोंडी जगला, पुढे कुणी कुणी लिहून घेतला.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. त्या विलापात आर्टची बहीणही येते. आणि ती सगळ्यांसमोर भावजयीला टोमणा मारते की मी आले तेव्हा तू झोपली होतीस. आयलीन त्याच चालीत तिथल्या तिथे उत्तर देते, मी झोपले नव्हते, रडून बेजार झालेल्या मुलांना झोपवत होते. म्हणजे प्रेत मध्ये ठेवून नणंद-भावजय गाण्यात भांडतायत, आणि आजूबाजूचं गाव ऐकतंय. ज्या बाईला एरवी कुणी विचारत नाही तिला इथे कुणी अडवू शकत नव्हतं. मारेकऱ्याचं नाव घेऊन शाप द्यायलाही अडवू शकत नव्हतं. मला वाटतं चर्चला त्रास रडण्याचा नव्हता, या बोलण्याचा होता.

---

पाणिनीचा_शेजारी | १५ जून, रात्री ९:१५

याला जुना आधार आहे. ग्रीसमधल्या अथेन्समध्ये सोलोन या कायदेकर्त्यानं ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कायदा करून बायकांचं गाल ओरबाडणं, रचून केलेला विलाप आणि दुसऱ्याच्या मयताला जाऊन रडणं यावर बंदी आणली. घराण्यांची वैरं या विलापातून पेटती राहायची हे त्यामागचं एक कारण मानतात. तरी ग्रीसच्या दक्षिणेला मानी भागात मिरोलोया नावाचं हे गाणं आपल्या काळापर्यंत टिकलंच.

आणि उलट, ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात रब्बी यहूदांचं म्हणणं आहे की नवरा कितीही गरीब असला तरी बायको गेल्यावर निदान दोन बासऱ्या आणि एक विलाप करणारी बाई ठेवलीच पाहिजे. तो तिचा हक्क.

---

मुक्काम_ऑकलंड | १५ जून, रात्री ९:४०

पैसे देऊन रडायला बोलावणं मात्र मला कधी पटलेलं नाही. ते खरं कसं असेल?

---

पाणिनीचा_शेजारी | १५ जून, रात्री १०:०५

होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस मरतो तेव्हा त्याच्या प्रेताभोवती अकिलीसच्या छावणीतल्या पकडून आणलेल्या बायका रडतात. होमर म्हणतो, त्या वरवर पॅट्रोक्लससाठी रडत होत्या, खरं तर प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी. त्यांचे नवरे, भाऊ याच लोकांनी मारलेले, त्यांच्यासाठी रडायची मुभा त्यांना कधी मिळाली असेल? दुसऱ्याच्या मयताला आलेली बाई काय घेऊन आलेली असते ते आपल्याला कुठे माहीत असतं. खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

तंबोरा | १६ जून, सकाळी ७:२०

मी गाणं शिकवतो त्यामुळे माझं लक्ष आवाजाकडेच जातं. नदीकाठची यांनी वर लिहिलंय की ओळ वर उचलून खाली खाली आणत सोडायची. हे जगभर सापडतं. पापुआ न्यू गिनीमधले कालुली लोक रानात राहतात, तिथे मुनी नावाचं एक कबुतर आहे, त्याची उतरत जाणारी हाक म्हणजे त्यांच्या बायकांच्या विलापाची चाल. त्यांची कथा अशी की एका लहान भावानं बहिणीकडे खायला मागितलं, तिनं दिलं नाही आणि तो मुलगा मुनी पक्षी होऊन उडून गेला. तो जे ओरडतो ते उपाशी, टाकून दिलेल्या पोराचं रडणं. स्टीव्हन फेल्ड नावाच्या संशोधकानं त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

ग्रेग अर्बन यांनी १९८८ मध्ये ब्राझीलच्या तीन आदिवासी जमातींचे विलाप तपासले. भाषा वेगळ्या, चाली वेगळ्या, पण चार खुणा सगळीकडे: मध्येच तुटणारा आवाज, आत ओढलेल्या श्वासाचा आवाज, घशात घरघरणारा स्वर आणि एकदम वरच्या पट्टीत निसटणारा स्वर. खऱ्या रडण्यात हेच चार असतात. म्हणजे विलाप करणारी बाई रडण्याचा कच्चा माल घेऊन त्याला लयीत बसवते. श्वास संपतो तिथे ओळ संपते. आम्ही विद्यार्थ्यांना श्वास ऐकू येऊ देऊ नका म्हणून दटावतो, इथे श्वास हाच तालाचा ठोका आहे.

आणि पुरुषांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जॉर्जियाच्या डोंगरात स्वानेती भागात झारी नावाचा प्रकार आहे, मयताला पुरुष उभे राहून तीन आवाजांत गातात आणि त्यात शब्दच नाहीत. नुसते वोय, वाय असे उद्गार, एकमेकांवर घासणारे स्वर. मी रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. स्मशानात मडकं घेऊन मी फिरलो, अग्नी दिला, दहाव्याला कावळा शिवेना म्हणून घाटावर दीड तास हात जोडून उभा राहिलो, सगळं केलं, आणि आवाज म्हणून माझ्या तोंडून काहीही बाहेर पडलं नव्हतं. सगळ्यांनी कौतुक केलं की खंबीर आहे. ते रेकॉर्डिंग ऐकताना खोलीचं दार लावून घेतलं.

---

अंजिरी | १६ जून, सकाळी ८:५५

तंबोरा, वाचून थांबले थोडा वेळ. आमच्याकडे मुलग्यांना रडू दिलं जात नाही आणि मुलींना रडायला लावतात, दोन्ही जबरदस्तीच.

---

बर्फाळ_वाट | १६ जून, दुपारी ३:३०

फिनलंडहून. इथे कारेलिया प्रांतात इत्कुविर्सी म्हणजे रडगाणी होती, रडगाणं हा शब्द मराठीत वाईट अर्थानं वापरतो आपण, पण शब्दशः तेच. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: विलापात कुणाचंही नाव किंवा नातं सरळ घ्यायचं नाही. आई म्हणायचं नाही, मला वाहून आणणारी, मला झुलवणारी असं काहीतरी म्हणायचं. कारण ही मेलेल्या पूर्वजांशी बोलायची भाषा, त्यांना रोजचे शब्द चालत नाहीत. विलाप करणारीनं पूर्वजांना उठवून सांगायचं की तुमच्याकडे नवीन माणूस येतंय, दार उघडा. लग्नात मुलीची पाठवणी करतानाही हेच गाणं, आपल्याकडे पाठवणीला बायका रडतात त्याची आठवण झाली.

१९४४ नंतर कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएतकडे गेला, चार लाखांवर माणसं घरं सोडून इकडे आली. ज्या म्हाताऱ्यांना ही गाणी येत होती त्यांना नव्या शेजारात गायची लाज वाटायला लागली, लोक हसायचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे पुन्हा त्याचे वर्ग भरतात, मी एका वर्गाला दोन दिवस गेले होते. शिकवणारी बाई पहिल्यांदा काय म्हणाली, तर सूर सोडा, आधी कुणाला काय सांगायचं राहिलंय ते ठरवा.

---

नदीकाठची | १६ जून, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. लीनदीकाठी, तुमचं ते नणंद-भावजयीचं वाचल्यावर काल रात्रभर झोप लागली नाही.

मी पहिल्या पोस्टमध्ये पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही, मीच स्वतःला तसं सांगत होते. बाल्कन्यांमधले लोक बघत होते हे खरं. पण आत्याची जी ओळ चालू होती तेव्हा मी तिला धरलं ती ओळ अशी होती: "आरं अकरा दिस तू इस्पितळात, मला कुणी सांगावा न्हाई धाडलाऽऽ". आम्ही तिला कळवलं नव्हतं. बाबा अकरा दिवस आयसीयूत होते आणि मी आणि भावानं ठरवलं होतं की आत्याचं वय झालंय, ती येऊन रडारड करेल, आईला त्रास होईल, बरं झाल्यावर सांगू. ती पुढे काय म्हणणार हे मला कळलं होतं. वीस माणसांसमोर ती ते म्हणणार होती. म्हणून मी तिला गप्प केलं.

आई अजूनही रडलेली नाही.

---

लीनदीकाठी | १६ जून, रात्री ११:१०

आत्या आहेत ना अजून. फोन करा त्यांना.

---

रात्रपाळी | १७ जून, सकाळी ६:१५

हेच म्हणतो. फोन नाही, शक्य असेल तर जाऊनच या.

---

सांजवात | १७ जून, सकाळी ११:००

आजवर इथे कधी काही लिहिलं नव्हतं, फक्त वाचायचे. माझी आई एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेली. नाशिक. आम्हाला चेहरा दिसला नाही, गाडीत पिशवी बघितली लांबून, भाऊ अमेरिकेत, त्यानं व्हिडिओ कॉलवर बघितलं, स्मशानात नंबर लागला होता. माझ्या मावश्या यायला निघाल्या होत्या, मीच फोन करून येऊ नका म्हणाले, तेव्हा तसंच होतं. त्यामुळे आईसाठी मोठ्यानं कुणीच रडलं नाही. पुढच्या वर्षी मावशीच्या गावी दुसऱ्याच कुणाच्या मयताला गेलो होतो, तिथे मावशीनं गळा काढला आणि दुसऱ्या ओळीला माझ्या आईचं नाव घेतलं. त्या घरच्या कुणाला काही वाटलं नाही. एका बाईनं मला जवळ ओढून घेतलं, मी तिला ओळखतही नाही. ते होमरचं वाचलं आणि हे लिहावंसं वाटलं.

---

पाणिनीचा_शेजारी | १७ जून, सकाळी ११:२५

सांजवात, नमस्कार तुमच्या मावशींना.

---

नदीकाठची | २३ जून, रात्री ९:०५

काल गावाला जाऊन आले. आईला घेऊन गेले.

मी आत्याला म्हणाले की तू त्या दिवशी जे म्हणत होतीस ते मला परत म्हणून दाखव, मी रेकॉर्ड करते. ती एकदम म्हणाली, "छ्या, घरात मयत नसताना तसं रडू नये, दुसऱ्याचं बोलावणं हुतं." मी हट्ट केला नाही. मी माफी मागितली, दोन्ही गोष्टींची, गप्प केल्याची आणि न कळवल्याची. ती बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, मी कुणाला शिव्या घालनार नव्हते गं, तुमी न्हाई सांगितलं येवढं त्याच्या कानावर घालनार हुते, न्हाईतर त्याला वाटलं आसंल का बहीण आलीच न्हाई.

मग तिनं बसल्या बसल्या, साध्या बोलण्यात, पुढच्या ओळी सांगितल्या. येरळेला पाणी आलं होतं, ती नऊ वर्षांची, बाबा तीनचे. आजी-आजोबा पलीकडच्या रानात अडकलेले. घरात पाणी शिरायला लागल्यावर तिनं बाबांना कडेवर घेतलं आणि देवळाच्या चढाकडे निघाली, पाणी तिच्या छातीपर्यंत. बाबांनी तिची वेणी मुठीत धरली होती आणि ती चढावर पोचल्यावरही सोडेनात, शेवटी गुरवाच्या बायकोनं एकेक बोट सोडवलं. हे आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. बाबा कधी बोलले नव्हते, त्यांना आठवतही नसेल. "ती येणी धरल्याली मला सांगायची हुती त्याला," आत्या म्हणाली, "आन् मग म्हननार हुते, आता सोड रं बाबा."

आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं आत्याचा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हते. आत्यानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि तिच्याबरोबर सुरू झाली.